खिडकी नसलेले न्हाणीघर : ओल, हवा आणि उजेड यांची सोय कशी करावी?

माचीपेठ (सातारा)

आमचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, जुन्या पेठेत आहे. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे रस्ता आणि मागे परसू, अशी लांबट बांधणी असल्यामुळे उजेड आणि वारा घरात केवळ दोन टोकांनी येतो. मोरी पूर्वी परसात होती. आईचे गुडघे दुखू लागल्यापासून रात्री पायऱ्या उतरून परसात जाणे तिला जमेनासे झाले, म्हणून माजघराचा एक कोपरा भिंत घालून वेगळा केला आणि तेथे संडास व न्हाणीघर एकत्र बांधले. आतून माप घेतले तर ते पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच आहे. त्याच्या चार भिंतींपैकी एकही बाहेरच्या हवेला लागत नाही.

उन्हाळ्यात काहीच जाणवले नाही. पावसाळा लागला तशी छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरली, रंगाचे पोपडे सुटले, दाराची खालची कड फुगली आणि आत टांगलेल्या पंच्याला कुबट वास येऊ लागला. गवंड्याने दारावरच्या भागात सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवून दिला आहे, परंतु तो आतील वाफ माजघरात सोडतो, त्यामुळे माजघरातील कपाटाच्या मागची भिंतही आता ओलसर लागते. दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही आणि वीज गेली की आई आत असेल तर जीव टांगणीला लागतो.

हवा बाहेर कशी न्यावी, बुरशीवर टिकाऊ उपाय कोणता आणि थोडा तरी दिवसाचा उजेड आत आणता येईल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. आणखी एक प्रश्न आहे. वीज वारंवार जाते म्हणून एका नातेवाइकांनी आत गॅस गीझर बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

जास्वंद (सातारा)

बाकीचे प्रश्न जाणकार सोडवतील, पण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांआधी देते, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. दादा, त्या न्हाणीघरात गॅस गीझर कोणत्याही परिस्थितीत बसवू नका. मी अनेक वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आहे आणि बंद न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली माणसे आणताना पाहिली आहेत. त्यांत धडधाकट तरुणही असत.

एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यासाठी बारा घनमीटरहून अधिक हवा लागते. तुम्ही दिलेल्या मापाच्या न्हाणीघरात एकूण हवाच सुमारे नऊ घनमीटर आहे. दार लावून गीझर चालू ठेवला की त्याच हवेतील ऑक्सिजन ज्योतही वापरते आणि माणूसही वापरतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे, हातापायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे आहेत. पुष्कळांना वाटते की उपवासामुळे किंवा फार कढत पाण्यामुळे चक्कर आली असावी, आणि तेवढ्यात दाराची कडी काढण्याचीही शक्ती उरत नाही.

एक्झॉस्ट पंखा असला की धोका टळतो, हा समजही खरा नाही. हवा आत येण्यास पुरेशी वाट नसेल तर पंख्याच्या ओढीमुळे गीझरचा धूर वर जाण्याऐवजी उलटा खोलीतच फिरतो. गीझरच्या सूचनापत्रातही तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा असेच लिहिलेले असते. तुमच्याकडे परसू आहे. गॅसवरचाच हवा असेल तर तो परसातील भिंतीवर, उघड्यावर बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. कोणाच्या घरी असा प्रसंग घडलाच, तर प्रथम दारे उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात नेणे टाळू नये.

ओळंबा (मिरज)

जास्वंदताईंनी लिहिले आहे त्यात एका शब्दाचीही भर घालण्याची गरज नाही. मी बांधकामाच्या व्यवसायातून निवृत्त झालो आहे, तेव्हा ओलीविषयी लिहितो.

ओल कोठून येते हे कळले की उपाय आपोआप सुचतो. तीस अंश तापमानाची हवा जास्तीत जास्त सुमारे तीस ग्रॅम पाणी प्रत्येक घनमीटरमध्ये वाफेच्या रूपाने धरून ठेवू शकते, तर वीस अंशाची हवा केवळ सतरा ग्रॅम. कढत पाण्याने आंघोळ झाली की आतील हवा वाफेने भरते. ती हवा गार भिंतीला आणि छताला टेकली की धरता न येणारे पाणी तेथेच सोडते. तुमच्या खोलीच्या आकारात एका वेळच्या हवेतूनच शंभर ग्रॅमहून अधिक पाणी भिंतींवर उतरू शकते, आणि फरशीवरचे पाणी सुकेपर्यंत वाफ पुन्हा पुन्हा तयार होत राहते. कोपऱ्यांत हवा हलत नाही, म्हणून बुरशी तेथे आधी धरते. पृष्ठभाग वारंवार दीर्घकाळ ओला राहिला नाही तर बुरशीला वाढता येत नाही. म्हणून रंग किंवा औषध यांच्या मागे लागण्यापूर्वी आंघोळीनंतर भिंती किती लवकर कोरड्या होतात, याकडे लक्ष द्यावे.

आता पंख्याविषयी. पंखा हवा निर्माण करत नाही, ती केवळ हलवतो. जेवढी बाहेर जाईल तेवढी कोठून तरी आत यावी लागते. दार घट्ट बसणारे असेल आणि उंबऱ्यालाही फट नसेल, तर कितीही मोठा पंखा नुसता घरघरत राहतो. दाराखाली किमान दोन सेंटिमीटर फट ठेवावी, किंवा दाराच्या खालच्या भागात तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवावी. पंच्याहत्तर सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली दोन सेंटिमीटरची फट म्हणजे दीडशे चौरस सेंटिमीटरची वाट होते, आणि चार इंची नळीचे तोंड सुमारे ऐंशी चौरस सेंटिमीटर असते, त्यामुळे तेवढी फट पुरेशी ठरते. हवा दाराखालून आत यावी, संपूर्ण खोलीतून जावी आणि समोरच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडावी. तुमचा पंखा दाराच्याच वर आहे, म्हणजे हवा दाराखालून येते आणि दारावरूनच निघून जाते. आंघोळीची जागा त्या वाटेत येतच नाही.

न्हाणीघराच्या छतावर काय आहे, हे कृपया सांगावे. पुढचे त्यावर ठरेल.

विश्रामबाग (सांगली)

आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात तो मांडणे योग्य वाटते. आम्ही सांगलीत विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहतो. न्हाणीघराला झरोका आहे, परंतु तो इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे सर्व मजल्यांमधून वर जाणाऱ्या उभ्या पोकळीत, उघडतो. कबुतरांचा त्रास वाढला म्हणून सोसायटीने डक्टच्या माथ्यावर पत्रा टाकला. तेव्हापासून खालच्या मजल्यांवरच्या पंख्यांनी बाहेर टाकलेली वाफ आणि वास वर अडतो आणि आमच्या झरोक्यातून आत शिरतो. नावाला खिडकी आहे, पण ती असून नसल्यासारखी झाली आहे.

राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे न्हाणीघर आणि संडास यांना बाहेरच्या हवेकडे किंवा वायुवीजनाच्या डक्टकडे उघडणारा झरोका अपेक्षित आहे. डक्टला छप्पर घालून तो बंद केला तर त्या तरतुदीचा हेतूच उरत नाही. आम्ही सभेत हे मांडले. पत्रा काढून कबुतरांसाठी नायलॉनची जाळी ताणावी, असा आमचा आग्रह आहे. काहींना पावसाचे पाणी डक्टमध्ये पडेल अशी चिंता वाटते, पण डक्टच्या तळाला निचऱ्याची मोरी असतेच, ती साफ ठेवली की प्रश्न उरत नाही.

घर घेणाऱ्यांना एक विनंती आहे. बहुतेक लोक फ्लॅट पाहायला एप्रिल-मे महिन्यांत जातात, जेव्हा सांगलीची हवा इतकी कोरडी असते की कोणतेही न्हाणीघर तासाभरात सुकते. शक्य असेल तर तेच घर आषाढ-श्रावणात एकदा पाहावे, आणि पाहताना दार उघडल्याबरोबर येणारा वास आणि छताचे कोपरे यांकडे नीट लक्ष द्यावे.

माचीपेठ (सातारा)

जास्वंदताई, आपले मनापासून आभार. गॅस गीझरचा विचार आजच सोडला आणि ज्यांनी तो सुचवला होता त्यांनाही आपला प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांच्या घरी तो न्हाणीघराच्या आतच आहे. या आठवड्यात ते तो बाहेर हलवणार आहेत.

ओळंबा सर, न्हाणीघरावर सिमेंटची छोटी स्लॅब आहे, तिच्यावर माळ्याची मोकळी जागा आणि त्यावर मंगलोरी कौले. परसाच्या भिंतीपर्यंत आडवी नळी न्यायची तर ती स्वयंपाकघरातून न्यावी लागेल आणि दोन वळणे घ्यावी लागतील.

ओळंबा (मिरज)

मग आडवी वाट सोडून द्यावी. स्लॅबमधून सरळ वर, माळ्यातून कौलांबाहेर जाणारी उभी नळी तुमच्यासाठी उत्तम ठरेल. तेथे गवंड्याने घाई करू नये अशा काही गोष्टी आहेत.

सध्याचा सहा इंची पात्यांचा पंखा भिंतीतून थेट बाहेर हवा टाकण्यासाठी चांगला असतो, पण नळीचा रोध आला की त्याची हवा फार घटते. खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतील असतो. तुमच्या खोलीतील हवा तासात दहा वेळा बदलायची तर ताशी नव्वद घनमीटर हवा जायला हवी, म्हणून नळीसाठी बनवलेला ताशी दीडशे घनमीटर क्षमतेचा सेंट्रिफ्यूगल पंखा घ्यावा. नळी चार इंची पीव्हीसीची, आतून गुळगुळीत असावी. घड्या असलेली लवचिक नळी स्वस्त आणि सोयीची वाटते, पण तिच्या घड्यांत हवा अडते आणि पाणीही साठते.

माळा रात्री गार पडतो. त्या गार नळीत वाफेचे पाणी होऊन ते पंख्यावर टपकते, म्हणून माळ्यातील भागाला फोमचे किंवा तशाच उष्णतारोधक द्रव्याचे आवरण गुंडाळावे. नळीच्या वरच्या तोंडावर पावसाची टोपी आणि पक्ष्यांसाठी जाळी हवी, आणि पंख्याजवळ उलटी हवा येऊ न देणारी पडदी हवी, अन्यथा साताऱ्याचा पावसाळी वारा त्याच नळीतून खाली उतरेल. कौलांतून नळी जेथे बाहेर निघते तेथे केवळ सिमेंट थापू नये, कारण उन्हाने कौल हलते आणि सिमेंटला चीर पडते. तेथे पत्र्याची किंवा शिशाची झालर करून ती वरच्या कौलाखाली सरकवावी. ही नळी माळ्यातच मोकळी सोडण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. त्यामुळे वासे आणि रिपा कुजतात, आणि खाली बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. संडासाच्या वायुनळीला ती जोडणे तर सर्वस्वी चुकीचे आहे, कारण पंखा बंद असताना मैलानळीतील घाण वायू सरळ न्हाणीघरात येतो.

पंख्याला टायमर लावावा. आंघोळ संपली की माणूस दिवा आणि पंखा दोन्ही बंद करून बाहेर पडतो, आणि खरी वाफ तर त्यानंतरच काढायची असते. आंघोळीनंतर वीस मिनिटे पंखा चालू राहिला पाहिजे. काम झाल्यावर दार लावून, पंखा चालू करून दाराखालच्या फटीशी उदबत्ती धरून पाहावी. धूर आत ओढला गेला तर वाट बरोबर आहे.

पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, मग पंख्याचा उपयोग काय, असे विचारले जाते. ती दमट असली तरी आंघोळीनंतरच्या आतील हवेहून गार असते आणि त्यामुळे प्रत्येक घनमीटरमागे तिच्यात पाणी कमी असते. उपयोग होतोच, केवळ वेळ अधिक लागतो.

उजेडाचे म्हणाल तर कौले आहेत हे तुमचे भाग्य समजा. नळीशेजारीच चार काचेची कौले बसवावीत. त्यांच्या खाली माळ्यातून स्लॅबपर्यंत चौकोनी पेटी करून ती आतून चकचकीत पांढरी किंवा आरशासारख्या पत्र्याची करावी आणि स्लॅबमध्ये दीड फुटांचा चौकोन कापून त्यावर जाड टफन्ड काच कडेने सीलबंद बसवावी. स्लॅब कापण्यापूर्वी सळया कोठून गेल्या आहेत ते अभियंत्याकडून पाहून घ्यावे. दिवसा दिवा लावावा लागणार नाही, एवढा उजेड नक्की येईल.

तांब्याभांडे (सांगली, गावभाग)

पंखा आणि नळी होईल तेव्हा होईल, तोपर्यंत घरात रोज काय करता येते ते लिहिते. आमच्या गावभागातील जुन्या घरातही मधल्या खोलीत असेच न्हाणीघर आहे आणि तेथे आम्ही कित्येक वर्षे बुरशी धरू दिलेली नाही.

आंघोळ झाल्यावर ज्याने आंघोळ केली त्यानेच भिंती आणि फरशी रबरी वायपरने ओढून काढायची, हा आमच्या घरातील नियम आहे. जे पाणी मोरीत गेले त्याची वाफ होत नाही. बादलीत पाणी भरून ठेवत नाही, बादली पालथी घालतो. पंचे, पायपुसणे, धुवायचे कपडे यांतील काहीही आत राहू देत नाही. छताला प्लास्टर ऑफ पॅरिसचे काम करू नये, कारण ते ओल शोषून खाली येते. साध्या भिंतीवर रंगाऐवजी चुन्याची सफेदी उत्तम टिकते, कारण चुना क्षारीय असल्याने बुरशीला तेथे सहज थारा मिळत नाही, आणि भिंतीतील ओलही बाहेर पडू शकते. दरवर्षी दसऱ्याच्या आधी एक हात दिला की पुरते. दार लाकडी असेल तर त्याचे आयुष्य कमीच समजावे. पीव्हीसीचे दार आणि ग्रॅनाइटची चौकट लावल्यापासून आम्हाला त्याकडे पाहावे लागलेले नाही.

धरलेली बुरशी कोरड्या झाडूने खरवडू नये, कारण त्यामुळे तिचे बीजाणू घरभर उडतात. नाकाला फडके बांधून, आधी ती जागा ओली करून मगच पुसावी.

आणि एक गोष्ट सर्वांनी घरातील कामाच्या बाईंनाही आवर्जून सांगावी. संडास साफ करण्याच्या द्रवांत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते टाकल्यावर त्याच ठिकाणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो. खिडकी असलेल्या ठिकाणीही तो घातक आहे, मग बंद खोलीत तर श्वासच कोंडतो. एका दिवशी एकच वस्तू वापरावी, भरपूर पाण्याने धुवावी, आणि काम होईपर्यंत दार उघडे ठेवावे.

कृष्णाकाठ (सांगली)

वासाबद्दल थोडे लिहितो. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी साठलेले राहते आणि तेच मैलानळीतील वायूला अडवते. घर काही दिवस बंद राहिले की ते पाणी आटते. मग पंखा चालू केल्याबरोबर हवा दाराखालून येण्याऐवजी ट्रॅपमधून ओढली जाते आणि खोली अधिकच घाण वासाने भरते. अनेक जण त्यासाठी पंख्याला दोष देतात. गावाहून परत आल्यावर आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे आणि मगच पंखा लावावा.

आमच्याकडील सखल भागांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी रस्त्यावरून घरात येण्याआधीच कित्येक घरांत मोरीतून वर आले. आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे सरकू लागली की आम्ही मोऱ्यांची तोंडे बंद करतो. मैलानळीवर पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवणे त्याहून चांगले. पूर ओसरल्यावर घरातील सर्वांत शेवटी सुकलेली जागा म्हणजे बिनखिडकीचे न्हाणीघर, कारण फरशीच्या तुकड्यांमागे विटांत मुरलेले पाणी निघायला वाटच नसते. अशा वेळी दार काढून ठेवावे आणि साधा टेबलपंखा दिवसभर आत लावावा. पंखा मात्र कोरड्या ओट्यावर ठेवावा.

माचीपेठ (सातारा)

सर्वांचे आभार मानावे तितके थोडे आहेत. उभी नळी आणि काचेची कौले दोन्ही करण्याचे ठरवले आहे. गवंड्याशी बोलणे झाले, पण पावसात कौलांना हात लावायला तो तयार नाही आणि त्याचे म्हणणे मला पटते. दिवाळीनंतर काम होईल. तोपर्यंत दाराखालची कड कापून फट करून घेतली आहे आणि वायपर आणला आहे. वीज जाते त्याचे काय करावे, आणि वयस्कर माणसासाठी अशा बंद खोलीत आणखी काही करायला हवे का, एवढेच राहिले आहे.

जास्वंद (सातारा)

दादा, विजेसाठी आत्ताच दोन गोष्टी करून घ्या. वीज गेल्यावर आपोआप लागणारा चार्जिंगचा बल्ब न्हाणीघराच्या होल्डरमध्ये बसवा, म्हणजे आईंना क्षणभरही अंधारात उभे राहावे लागणार नाही. त्याचे बटण मात्र नेहमी चालू ठेवावे लागते, हे घरातील सर्वांना सांगून ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर टायमरचा पंखाही त्यावर घ्या, त्याला वीज अगदी थोडी लागते. पाणी तापवण्यासाठी विजेचा गीझर घेतलात तर घराच्या बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग आहे का, ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या बंद खोलीत ती सर्वांत महत्त्वाची सुरक्षा आहे.

दार आतल्या बाजूला उघडत असेल तर काम निघेल तेव्हा ते बाहेर उघडणारे करून घ्या. आत माणूस पडला तर तो दारालाच टेकलेला असतो आणि आत ढकलले जाणारे दार उघडता येत नाही. कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवता येईल असे कुलूप मिळते, ते लावा. संडासाच्या भांड्याशेजारी आणि आंघोळीच्या जागी धरायला स्टीलच्या दांड्या विटेत पक्क्या ठोकून घ्या, फरशीच्या तुकड्यावर चिकटवलेल्या चालत नाहीत. हाताशी बेलचे एक बटण असू द्या. ते आई खाली बसलेल्या असताना हात पोहोचेल इतके खाली हवे, उभ्याने दाबण्याच्या उंचीवर नको.